सहा वर्षं चालेल असा फोन: फेअरफोन, एचएमडी, सॅमसंग की पिक्सेल? सोलापुरात बसून केलेला हिशोब

माझी आत्तेबहीण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशोब बघते. तिचा चार वर्षांचा फोन यंदाच्या मे महिन्यात मागून फुगला. "दादा, एकदाच घेणार. पुढची सहा वर्षं दुकानाची पायरी चढणार नाही, असा सांग," असं म्हणून ती मोकळी झाली. बजेट पंचवीस हजार, अगदीच वाटलं तर दोन-तीन हजार वर.

मी आपला उत्साहाने कोणत्या फोनला किती स्क्रू, कोणाची बॅटरी गोंदाने चिकटवलेली, अशी यादी करत बसलो. ती घेऊन नवी पेठेत आमच्या नेहमीच्या रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने यादी वाचलीच नाही. म्हणाला, "अण्णा, फोन कुठलापण उघडतो की मी. हीट गन हाय, ब्लेड हाय. पार्ट आणून द्या फक्त. जो फोन रस्त्यावर दिसतो, त्याचा पार्ट माझ्या ड्रॉवरमध्ये असतो."

माझी यादी तिथेच निम्मी बाद झाली. फोनचं आयुष्य दोन तारखांनी ठरतं. एक, कंपनी सिक्युरिटी अपडेट कधी बंद करणार. दुसरी, त्याचा डिस्प्ले, बॅटरी आणि चार्जिंग बोर्ड आपल्या गावात कधीपर्यंत मिळणार. यातली जी आधी येईल ती खरी. पहिली तारीख कंपनी सांगते. दुसरी आपल्याकडे कुणी लिहून देत नाही, ती बाजारावरून ताडावी लागते.

पुण्या-मुंबईचे आढावे आपल्याला तंतोतंत लागू पडत नाहीत, त्याला दोन कारणं आहेत. एक ऊन. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने झिजते, आणि पूर्ण चार्ज होऊन गरम जागी पडून राहिली तर आणखी लवकर झिजते. फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपन्या सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि वर पत्र्याची शेड. त्यामुळे बॅटरी एकदा तरी बदलावी लागणार हे धरूनच चाला. दुसरं कारण कापसाची तूस. मागावर काम करणाऱ्या, चादर-टॉवेलच्या युनिटमध्ये बसणाऱ्या कुणाच्याही फोनचं चार्जिंगचं भोक बघा, आत नमद्यासारखा थर असतो. "पिन गेली" म्हणून आलेल्या कितीतरी फोनची पिन गेलेलीच नसते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच तूस काढली की केबल पुन्हा नीट बसते. पण रोजची ओढाताण चालूच, त्यामुळे चार्जिंगचा भाग सुटा बदलता येतो की मेन बोर्डालाच जोडलेला आहे, हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त बघावं लागतं.

आता एकेक फोन घेऊ.

फेअरफोन हा या विषयातला आदर्श विद्यार्थी. कंपनी ॲमस्टरडॅमची, २०१३ पासूनची. २०२३ चा फेअरफोन ५ घ्या: मागचं झाकण नखाने निघतं, बॅटरी हाताने बाहेर येते, डिस्प्ले, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट हे सगळं एका साध्या स्क्रू-ड्रायव्हरने बदलता येतं. फोन उघडून गुण देणाऱ्या आयफिक्सिटने त्याला १० पैकी १० दिले. अपडेटचा शब्द २०३१ पर्यंतचा. एवढी लांब हमी कशी देता येते, ही गोष्ट मला स्क्रूंपेक्षा रंजक वाटली. फोन बनवणाऱ्याची इच्छा कितीही असो, आतल्या चिपचा कारखानदार चिपचं सॉफ्टवेअर सांभाळेनासा झाला की अपडेटचं गाडं अडतं. फेअरफोनने म्हणून नेहमीची मोबाईलची चिप न घेता क्वालकॉमची क्यूसीएम६४९० ही औद्योगिक उपकरणांसाठीची, लांब मुदतीची चिप निवडली. २०१५ चा फेअरफोन २ सुद्धा त्यांनी २०२३ पर्यंत ओढला होता, तेव्हा नुसता बोलघेवडेपणा नाही.

पण हा फोन भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. पाहुण्याच्या हाती युरोपातून मागवाल, वॉरंटी तिकडेच राहील. पुढे चार्जिंग पोर्टचा सुटा भाग हवा झाला की पुन्हा कोणीतरी तिकडून येणार आहे का, याची चौकशी. नखाने उघडणारा फोन आणि आत घालायला काही नाही. हौस म्हणून घ्या, बहिणीला मी सुचवला नाही.

एचएमडी फ्यूजन भारतात २०२४ च्या नोव्हेंबरात आला, किंमत १७,९९९. नोकियाच्या नावाने फोन काढणारी हीच कंपनी. मागचं झाकण स्क्रूंवर, आतली बॅटरी आणि डिस्प्ले घरी बदलता येतील अशी रचना. हातात घेतल्यावर खरंच बरं वाटतं. मात्र अपडेटचा शब्द दोन अँड्रॉइड आवृत्त्या आणि तीन वर्षं सिक्युरिटी, म्हणजे २०२७ ला खेळ आटोपला. देह उत्तम आणि श्वास तीन वर्षांचा. जिच्या फोनवर कारखान्याच्या बँकेचे ओटीपी येतात, तिने सिक्युरिटी बंद झालेला फोन पुढे तीन वर्षं वापरावा, असं मी तरी म्हणणार नाही. धुळीच्या बाबतीतही आयपी५२, म्हणजे बेताचंच. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा असतो, दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे धूळ थोडी जाऊ शकते, ६ म्हणजे अजिबात नाही. दुकानदार नेहमी दुसऱ्या आकड्याचं कौतुक सांगतात. आपल्याला पहिला महत्त्वाचा.

इथेच एक चकवा सांगून ठेवतो. मागे स्क्रू दिसले म्हणजे बॅटरी निघते असं नाही. सीएमएफ फोन १ चं झाकण स्क्रूंनी काढून दुसऱ्या रंगाचं लावता येतं, बॅटरी मात्र हाताने काढण्यासाठी नाही. ते स्क्रू शोभेचे म्हणावेत तर तसे नाहीत, पण दुरुस्तीचेही नाहीत.

सॅमसंग गॅलेक्सी ए१७ आणि ए२६. दोन्ही २०२५ चे, दोन्ही गोंदाने बंद केलेले. आयफिक्सिटवाल्यांनी टाळ्या वाजवाव्यात असं यात काही नाही. तरी माझा कौल इकडे झुकला, आणि कारणं तशी कंटाळवाणी आहेत. दोघांनाही सहा अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षं सिक्युरिटी, म्हणजे २०३१ पर्यंत. काही वर्षांपूर्वी सहा-सात वर्षांचं बोलणं फक्त महागड्या फोनपुरतं होतं, ते आता वीस हजारांच्या आत आलंय. गावात अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे. आणि ड्रॉवरचा नियम: ए सिरीज रस्त्यावर दिसते, सिटी बसमध्ये दिसते, गड्डा जत्रेच्या गर्दीत दर दहाव्या हातात दिसते. चार्जिंगचा भाग वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, त्यामुळे पिन गेली तर मेन बोर्डाला हात लावावा लागत नाही.

दोन्हीत फिंगरप्रिंट बाजूच्या बटणात आहे, याचा मला वेगळाच आनंद झाला. ॲमोलेड डिस्प्ले फुटला की ओरिजिनलचा भाव ऐकून माणूस कॉपीकडे वळतो. स्वस्त कॉपी डिस्प्ले बहुधा एलसीडी असतो, आणि स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट त्यातून चालत नाही. बाजूचं बटण असलं की ती भानगड नाही. रंग फिके दिसतील तेवढंच.

दोघांत कोणता? ए१७ ची आल्या वेळची किंमत १८,९९९, त्यात रॅम ६ जीबी आणि धुळीला आयपी५४. ए२६ ची २४,९९९, रॅम ८ जीबी आणि आयपी६७. सहा वर्षं अपडेट मिळणं आणि सहाव्या वर्षी फोन धड चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दर नवी आवृत्ती थोडी जड होते, ६ जीबीचा फोन पाचव्या वर्षी व्हॉट्सॲप उघडता उघडता सुस्कारे टाकू लागेल. वरचे सहा हजार मी रॅमसाठी आणि त्या पहिल्या ६ च्या आकड्यासाठी देईन. एक पथ्य: गोंदाचा फोन बाहेर एकदा उघडला की पाणी-धुळीची हमी संपली असं समजायचं. नवा गोंद नीट लावून घ्या, आणि तरी त्यानंतर पावसात फोन काढू नका.

याच कंपनीचा एक्सकव्हर ७ बहुतेकांना माहीतच नसतो. कारखाने, गोदामं, कुरियरवाल्यांसाठी काढलेला जाडजूड फोन, भारतात २०२४ च्या फेब्रुवारीत २७,२०८ रुपयांना आला. झाकण नखाने निघतं, ४,०५० एमएएचची बॅटरी जुन्या नोकियासारखी बाहेर येते, आणि तरी आयपी६८. "पाण्यापासून वाचवायचं तर बॅटरी चिकटवावीच लागते" या सबबीला हा एक फोन पुरेसं उत्तर आहे. सोबत चार अँड्रॉइड आवृत्त्यांचा शब्द. आमच्या हवेला, तुसेला, पत्र्याच्या शेडला हा अगदी मापाचा. पण तो मुख्यतः कंपन्यांना विकण्यासाठी आहे, सोलापुरात तो हातोहाती फिरताना दिसत नाही, म्हणजे ड्रॉवरच्या परीक्षेत मागे पडतो. कारखान्याने दहा नग एकदम घेतले आणि दोन जादा बॅटऱ्या कपाटात ठेवल्या, तर मात्र यासारखा सौदा नाही. तिच्या मालकांच्या कानावर मी हे घातलंय.

पिक्सेल ९ए: सात वर्षांचा शब्द, एप्रिल २०३२ पर्यंत. आयपी६८. कॅमेरा इतर सगळ्यांच्या पुढे. आल्या वेळची किंमत ४९,९९९, म्हणजे बजेटच्या दुप्पट. शिवाय यात बॅटरी सांभाळण्याची एक सोय सक्तीची आहे: २०० चार्जिंग सायकलनंतर (सायकल म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण वापरून भरण्याएवढं चार्जिंग) फोन हळूहळू बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) कमी करत जातो, १००० सायकलपर्यंत. सुरक्षेसाठी ठीकच, पण चौथ्या वर्षी फोन लवकर उतरू लागला तर त्यात यंत्राचा दोष शोधू नका. पुण्याला महिन्याला चक्कर असेल आणि पैशाची अडचण नसेल तर बघा. घेण्याआधी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून सर्व्हिस कुठे निघते ते पाहून घ्या.

आयफोन या बजेटात नवा बसत नाही. जुना घेणाऱ्यांसाठी एवढंच: शेवटची तारीख आधी जाहीर होत नाही, पण २०१८ चा एक्सआर २०२४ च्या आयओएस १८ पर्यंत चालला. सेटिंगमध्ये 'अबाउट'मध्ये जाऊन बॅटरी किंवा डिस्प्ले बदललेला आहे का ते दुकानातच बघा.

पैशाचा हिशोब बहिणीनेच केला, तिचंच काम ते. ए२६ चे २४,९९९ भागिले सहा, वर्षाला ४,१६७ रुपये. फ्यूजनचे १७,९९९ भागिले तीन, वर्षाला ६,०००. पिक्सेल सात वर्षं धरूनही ७,१४३. "यात बॅटरी नि एक डिस्प्ले धर," मी म्हटलं. तिने धरला. तरी क्रम बदलला नाही. पण आकडेमोड झाल्यावर तिने विचारलं ते माझ्या यादीत कुठेच नव्हतं: "ते स्क्रूबिक्रू राहू दे दादा. बंद पडला तर किती दिवस फोनशिवाय बसायचं?"

जीएसटीच्या तारखा जवळ आल्या की तिला फोनशिवाय एक दिवस काढणं मुश्कील. नवी पेठेत पार्ट असेल तर काम त्याच संध्याकाळी. मागवायचा असेल तर आठवडा गेलाच. फोन ठेवून यायची वेळ आली तर सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आहे, पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड'. तो चालू केला की दुरुस्तीवाल्याला फोन तपासता येतो, पण आपले फोटो, मेसेज, बँकेची ॲप दिसत नाहीत. पासवर्ड कागदावर लिहून देण्याची गावभरची सवय आतातरी सोडा.

कायद्याच्या जोरावर हे सगळं बदलेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपात २० जून २०२५ पासून फोनची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग देणं बंधनकारक झालंय. अपडेटचा फायदा आपल्यालाही मिळू शकतो, सुट्या भागांची सक्ती मात्र तिकडच्या ग्राहकासाठीच. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, आणि फोनला दुरुस्तीचे गुण द्यावेत यासाठीच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. खोक्यावर ते गुण छापून येईपर्यंत आपला ड्रॉवरचा नियमच बरा.

घेताना एक गोष्ट विसरू नका: अपडेटची वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुमच्या बिलापासून नाही. दिवाळीच्या ऑफरमध्ये 'सहा वर्षं अपडेट' म्हणून मिळालेला दोन वर्षं जुना फोन हा चारच वर्षांचा असतो. दुकानदार हे सांगणार नाही. बिचाऱ्याला बहुधा माहीतही नसतं.

तिने ए२६ घेतला. फुगलेली बॅटरी काढून जुन्या फोनला नवी बसवली, त्याचं सिक्युरिटी अपडेट मागेच बंद झालं होतं, म्हणून त्यातलं सिमकार्ड आणि बँकेची सगळी ॲप काढून टाकली. तो आता आत्याकडे असतो, सकाळी कडक भाकरी थापताना ओट्यावर उभा करून ती त्यावर वचनं ऐकते. चार्जिंगच्या भोकात आता तुसेऐवजी पीठ जातं. टूथपिक मी तिथेच ठेवून आलोय.