हुतात्म्यांच्या नावाने धावताना स्ट्राव्हा : काय जमतं, काय बदलून घ्यावं लागतं

धाव संपली की स्ट्राव्हा, म्हणजे धावांची नोंद ठेवून ती इतरांना दाखवणारं अ‍ॅप, तिला स्वतःच नाव देतं. सकाळी धावलात तर ‘मॉर्निंग रन’, संध्याकाळी धावलात तर ‘ईव्हनिंग रन’. गार्मिनच्या घड्याळावरून धाव चढवली तर शहराचं नाव आणि पुढे ‘रनिंग’ एवढंच येतं. कर्तव्यावर असताना गेलेल्या अग्निशमन जवानाच्या किंवा पोलिसाच्या नावाने सराव करणाऱ्याला या अ‍ॅपबद्दलचा पहिला प्रश्न इथेच पडतो. त्या जागी माणसाचं नाव येतं का, आणि ते टिकतं का? उत्तर हो असं आहे. मात्र अ‍ॅप जसं हातात येतं तसंच ठेवलं, तर ते नाव पेस (एका किलोमीटरला लागलेला वेळ) आणि कुडोस (स्ट्राव्हावरचे ‘लाइक’) यांच्या गर्दीत हरवतं.

हे परीक्षण फक्त याच वापरापुरतं आहे. उदाहरण घेऊ मुंबईचं. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकाइन’ या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जहाजावर पाण्याचा मारा करत असलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो यांच्यामुळे. एका नावाला एक धाव, म्हणजे हिशेब ६६ धावांचा, आणि शेवटची धाव १४ एप्रिलला.

आठवड्याला चार धावा धरल्या तर ६६ धावांना साडेसोळा आठवडे लागतात. १ डिसेंबरला सुरुवात केली तर १४ एप्रिलपर्यंत हाताशी १९ आठवडे असतात. मधले अडीच आठवडे आजारपण, लग्नकार्य आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉननंतरची विश्रांती यांच्यासाठी राखून ठेवावेत. तीन धावा ५ किलोमीटरच्या आणि रविवारची एक १० ते १४ किलोमीटरची. ६६ या आकड्याला किलोमीटर जोडायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कुणी एका आठवड्यात ६६ किलोमीटर पुरे करायला निघतो. आठवड्याला २५ किलोमीटर धावणारं शरीर एकदम ६६ किलोमीटर झेपवत नाही. नडगी आणि टाच दुखायला लागते आणि उरलेली नावं तशीच राहतात. आकडा धावांचा ठेवावा, अंतराचा नाही.

आता अ‍ॅप. शीर्षकाची एक ठरावीक पद्धत पहिल्याच दिवशी ठरवा आणि ती मोडू नका. ‘१४ एप्रिल १९४४ – ७/६६ – नाव’ अशी ओळ पुरते. वेबसाइटवर ‘माय अ‍ॅक्टिव्हिटीज’मध्ये शब्द टाकून आपल्या धावा शोधता येतात. पण एकदा ‘१४ एप्रिल’ आणि एकदा ‘एप्रिल १४’ लिहिलंत की निम्म्या धावा शोधात सापडत नाहीत. अ‍ॅपच्या मेन्यूला मराठी येत नाही, शीर्षक आणि वर्णन मात्र देवनागरीत व्यवस्थित लिहिता येतं. खाली वर्णनाच्या चौकटीत दोन-तीन ओळी: कोण, कुठल्या दलाचे, कुठे आणि कधी गेले. एवढंच. माहितीची खात्री नसेल तर फक्त नाव. ‘प्रायव्हेट नोट्स’ची वेगळी चौकट आहे, पाय दुखला की पाणी संपलं ते तिथे लिहावं. हुतात्म्याच्या नावाखाली आपल्या पोटरीची तक्रार नको.

खरा फरक पडतो तो पेस लपवल्याने. धाव संपादित करताना पेस, हृदयाचे ठोके आणि कॅलरी इतरांपासून लपवायची सोय फुकट खात्यातही आहे. ती जरूर वापरा. पेस दिसत असला की खाली प्रतिक्रिया येतात, ‘भारी पेस!’, ‘आज स्लो का?’ लिहिणाऱ्याचं काही चुकत नाही, त्याच्यापुढे अ‍ॅपने आकडाच ठेवलेला असतो. आकडा काढला की वाचणाऱ्याची नजर नावावर थांबते आणि कुणीतरी विचारतं, हे कोण होते? सगळ्या सेटिंगमध्ये मला ही एक सर्वांत मोलाची वाटते.

टॅगमध्ये ‘फॉर अ कॉज’ आहे, तो लावा. ‘रेस’ चुकूनही लावू नका, आणि त्याला कारण आहे. स्मारकापाशी मिनिटभर शांत उभं राहायचं असेल तर एरवी स्ट्राव्हा थांबलेला वेळ वगळून पेस काढतं. धावेला रेस म्हटलंत की सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा सगळा वेळ धरतं. फोनवर नोंद करत असाल तर ऑटो-पॉज (थांबलात की नोंद आपोआप थांबवणारी सोय) चालू ठेवा. बंद असेल तर उभं राहिलेल्या जागी जीपीएसची रेघ इकडेतिकडे भटकते, नकाशावर लोकरीचा गुंता झाल्यासारखं दिसतं आणि न धावलेले मीटर अंतरात जमा होतात. अँड्रॉइड फोनवर आणखी एक अडचण येते. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन मागे चालणारं अ‍ॅप बंद करतो आणि धाव अर्ध्यावर तुटते. फोनच्या सेटिंगमध्ये स्ट्राव्हाच्या बॅटरी वापरावरचं बंधन आधीच काढून टाका.

सुरक्षिततेकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. अशा धावा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्यावर होतात आणि त्या मुद्दाम सगळ्यांना दिसतील अशा ठेवलेल्या असतात. म्हणजे तुमचं घर आणि वेळापत्रक अनोळखी माणसाला पाठ होतं. ‘मॅप व्हिजिबिलिटी’मध्ये धावेची सुरुवात आणि शेवट झाकता येतो, सुमारे १.६ किलोमीटरपर्यंत. एकट्या धावणाऱ्या बायकांनी तर पहिल्या धावेआधीच हे करावं.

गटाने करायचं असेल तर क्लब फुकट काढता येतो. ११ जण असतील तर प्रत्येकी सहा नावं. पण कोणतं नाव कोणाकडे, ही वाटणी अ‍ॅपमध्ये होत नाही, आणि साप्ताहिक लीडरबोर्ड, म्हणजे कोण किती धावलं याची क्रमवारी, लोकांना पुन्हा किलोमीटरच मोजायला लावतो. वाटणी नसली की एकाच नावाने दोघं धावतात आणि एक नाव कोणाच्याच वाट्याला येत नाही. त्याला साधी शेअर केलेली शीट लागते. चार रकाने पुरतात: क्रमांक, नाव, धावणारा, तारीख. पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाची या कामाला गरज नाही. त्यात रूट आखायची सोय मिळते, पण आपले रस्ते आपल्याला ठाऊक असतात.

रस्त्यांबद्दल थोडं. डॉक बंदराच्या भिंतीआड आहे, सर्वसामान्यांना आत जाता येत नाही. बाहेरून जाणारा पी. डिमेलो रस्ता अवजड वाहनांचा आहे, तिथे धावायचं तर रविवारी पहाटेच. या ६६ जणांचं स्मारक भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे. तिथे गेलात तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: बंब बाहेर पडतात त्या फाटकासमोर उभं राहायचं नाही, गटाने फोटो काढायला तर नाहीच. समोरच्या फुटपाथवर थांबा. घंटा वाजली की त्या रस्त्यावर एक सेकंदही आपल्यामुळे जाता कामा नये.

मरीन ड्राइव्हवर धावणाऱ्यांसाठी गिरगाव चौपाटीपाशी तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री कसाबची बंदूक त्यांनी तिथेच धरून ठेवली. नरिमन पॉइंटकडून येणाऱ्याला वळून परत जायला ती जागा सोयीची पडते. काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत ९ मे २०१५ रोजी संजय राणे आणि महेंद्र देसाई गेले, आणि भाजलेले सुधीर अमीन आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर त्याच महिन्यात गेले. चार नावं, मे महिन्यातल्या चार धावा, एवढा छोटा बेतही पुरेसा आहे. मात्र अलीकडच्या घटनांत घरची माणसं हयात असतात. नाव सार्वजनिक असलं तरी घरगुती फोटो त्यांना विचारल्याशिवाय चढवू नये.

नावाची पट्टी अंगावर लावायची असेल तर ती लेझर प्रिंटरवर काढा. इंकजेटची शाई तिसऱ्या किलोमीटरला घामाने पसरते आणि ‘राणे’चा ‘रा’ वाचता येत नाही. ए-५ आकाराचा जाडसर कागद, दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक चिकटपट्टी, चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना. अक्षर तीन सेंटीमीटर उंच हवं, आणि पट्टी पाठीवर लावावी, कारण वाचणारा मागून येत असतो. नावं तिरंग्यावर मात्र लिहू नका. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वजावर कोणताही मजकूर चालत नाही, आणि धावताना ध्वज जमिनीला टेकू देऊन चालत नाही.

न्यू यॉर्क, न्यू जर्सीतल्या मराठी धावपटूंना या अ‍ॅपची आणखी एक मर्यादा भेटते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यू यॉर्क अग्निशमन दलाच्या ‘स्क्वॉड १’ या तुकडीचे अग्निशामक स्टीफन सिलर यांची ड्यूटी संपलेली होती. बोगदा वाहनांसाठी बंद झालेला पाहून सुमारे २७ किलोंचा सरंजाम पाठीवर घेऊन ते ब्रुकलिन-बॅटरी बोगद्यातून धावत पलीकडे गेले आणि परतले नाहीत. त्याच मार्गावर दर सप्टेंबरला ‘टनेल टू टॉवर्स’ ही ५ किलोमीटरची धाव होते. बोगदा २.७८ किलोमीटरचा आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक अंतर जीपीएस आंधळं असतं. नकाशावर नदीखालून एक सरळ रेघ येते आणि आतला पेस निरर्थक असतो. तिथे घड्याळावर इनडोअर मोड लावू नका, नकाशाच येणार नाही. साधा आउटडोअर मोड ठेवा आणि अंतर आयोजकांचं माना. त्या दिवशी न्यू यॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. एका हंगामात ३४३ धावा होत नाहीत. एकच ठाणं घ्यावं: स्क्वॉड १चे १२ जण, १२ धावा.

मुंबईचा एप्रिल जड असतो. पहाटेही दमटपणा उतरत नाही, म्हणून शेवटच्या पंधरा धावा साडेपाचच्या आत सुरू करा आणि अंतर ५ किलोमीटरवरच ठेवा. तासापेक्षा जास्त धावणार असाल तर ओआरएस सोबत घ्या. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळा, एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये ढवळलं की पोट बिघडतं. १४ एप्रिलला सकाळी भायखळ्यात दलाची मानवंदना असते, तेव्हा ६६वी धाव त्याच्या आधी, सहाच्या आत आटोपावी. मग वेबसाइटवरून सगळ्या धावांच्या जीपीएक्स फाइल (धावेच्या मार्गाची नोंद असलेल्या) उतरवून शीटबरोबर एका फोल्डरमध्ये ठेवा. खातं कधी बंद केलंत तरी ६६ नावं आणि ६६ रेघा तुमच्याकडे राहतील.