लाकडी मनोरा की घरातला तराजू?

दांडिया बाजारात राहणारी माझी जाऊ विचारत होती: तीन आणि सात वर्षांच्या मुलांना घरीच शिकवायचं, तर माँटेसरी संच, म्हणजे मुलांनी हाताळून शिकायची ठरावीक साधनं, घ्यावा की घरातल्या सामानावर भागवावं?

खर्चात घरचं सामान सरस, यात वादच नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनीही बोर्डी गावात शिंपले, बिया अशी आसपासचीच साधनं वापरली. टिकायला मात्र लाकूड चांगलं. पावसाळ्यात कडधान्याला भुंगे लागतात.

खरा प्रश्न दोन वयांचा. माँटेसरी संचातल्या गुलाबी मनोऱ्यात १ ते १० सेंटिमीटरचे १० घन ठोकळे असतात. माझी धाकटी रचते आणि चूक तिची तिलाच दिसते. थोरल्याला तो लगेच संपला. मग विचारलं, मोठ्या ठोकळ्यात असे छोटे किती मावतील? थर मोजत मोजत उत्तर १००० आलं, तेव्हा तो कितीतरी वेळ ठोकळा हातात धरून बसला होता. पण असा प्रश्न दरवेळी आपल्याला शोधावा लागतो.

तराजू आणि राजमा दोघांना एकाच सतरंजीवर गुंतवतात: ती निवडते, तो तोलून वहीत मांडतो. आवराआवर रोजची, आणि दाणा नाकात जाईल म्हणून नजर हलवता येत नाही. मनोऱ्यातल्या अगदी छोट्या ठोकळ्यांनाही तेच लागू, पण ते बाजूला काढून ठेवता येतात.

स्वयंपाक सांभाळत शिकवणार असाल तर मनोरा घ्या, जुना मिळाला तरी चालेल. रोज तासभर शेजारी बसता येत असेल तर तराजू. जावेला मी तराजूच सांगितला.