वीकएंडला मुक्काम नेपल्सला की सोरेंतोला?

इटलीतलं नेपल्स शहर की जवळचंच समुद्रकाठचं सोरेंतो? शुक्रवारी संध्याकाळी विमानाने नेपल्सला उतरून रविवारी रात्री परतायचं असेल, तर मुक्काम नेपल्सलाच करा. विमानतळावरून अलीबस ही बस थेट मुख्य स्टेशनला आणि मोलो बेवेरेल्लो बंदराला जाते. सोरेंतोची बस तासाहून जास्त घेते आणि उशिरा पोहोचणाऱ्यांची हमखास चुकते.

ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन शहर पॉम्पेई दोन्हीकडून साधारण सारखंच, लोकल ट्रेनने अर्धा-पाऊण तास. ही चिर्कुमवेसुव्हियाना लाइन म्हणजे ऐन गर्दीतली मुंबई लोकल समजा: आरक्षण नाही, दाराशी खिसेकापू. नेपल्सहून जाताना मुख्य स्टेशनजवळच्या गारिबाल्दीऐवजी एक स्टेशन आधी, पोर्ता नोलाना या टर्मिनसवर चढा, बसायला जागा मिळते. उतरायचं ‘पॉम्पेई स्कावी’ला. नोव्हेंबर 2024 पासून पॉम्पेईच्या प्रवेश तिकिटावर नाव असतं आणि दिवसाला 20,000 जणांनाच प्रवेश, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. तिथली बरीचशी मूळ भित्तिचित्रं आणि मोझेक मात्र नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ते मंगळवारी बंद.

सोरेंतो सरस ठरतं ते काप्री बेटासाठी. तिथून वेगवान बोट 20-25 मिनिटांत पोहोचते, नेपल्सहून सुमारे 50. समुद्र खवळला की या बोटी आधी रद्द होतात, त्यामुळे काप्री शनिवारीच उरका, परतीच्या दिवशी नको.

पोहायचंय? सोरेंतोत लांब वाळूचा किनारा नाही. कड्याखाली लाकडी फलाट बांधलेत, तिथे पैसे भरून खुर्ची घ्यायची आणि शिडीने थेट खोल पाण्यात उतरायचं. लहान मुलांना ते गैरसोयीचंच. तीन रात्री हाताशी असतील तर सोरेंतोचा विचार करा.