६४ जीबी रॅम हवी: चार स्टिक दामटायच्या, की दोनच नव्या घ्यायच्या?

घरी जोडलेला डीडीआर५ चा पीसी, त्यात रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक, काही तक्रार नाही. मग काम वाढतं आणि त्याच कंपनीचा, त्याच मॉडेल नंबरचा आणखी एक किट (दोन स्टिकची जोडी) आणून उरलेले दोन स्लॉट भरले जातात. टास्क मॅनेजरमध्ये ६४ दिसले की बरं वाटतं. थोड्याच दिवसांत निळा स्क्रीन सुरू होतो: एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, आणि मधूनच क्रोमचा एखादा टॅब उगाच मरतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांची डिझाइनची कामं घरून करणारे नाशकात बरेच आहेत. मीही त्यातलाच, आणि ही कथा मला सारखी ऐकायला मिळते.

इथून दोन वाटा फुटतात. चारही स्टिक ठेवायच्या आणि स्पीड उतरवायचा, किंवा दोन्ही किट विकून ३२-३२ चा एकच किट घ्यायचा. मी पहिल्या वाटेवर बराच काळ काढला आणि आता दुसरीवर आहे, तेव्हा माझं माप थोडं झुकलेलं असणार हे धरून वाचा.

आधी एक शंका मिटवून घ्या. सीपीयूला अंडरव्होल्ट केलं (मुद्दाम कमी व्होल्टेज दिलं) असेल तर ते काढा, कारण त्याचे झटके हुबेहूब रॅमसारखे दिसतात आणि बोल रॅमला बसतो. मग एकेक किट वेगळा लावून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा. स्लॉट सीपीयूपासून मोजून दुसरा आणि चौथा. दोन्ही किट वेगवेगळे पास होतात आणि एकत्र लावल्यावरच बिनसतं, असं दिसलं तरच पुढचं तुमच्या कामाचं.

आणि इथेच वॉरंटीचा रस्ता बंद होतो. किट घेऊन दुकानात जा, तो त्याच्या मशीनला लावून दाखवतो, “साहेब, चालतंय की व्यवस्थित!” खोटं नसतं ते. स्टिक चांगल्याच असतात, त्यांचं एकमेकींशी जमत नसतं. मॉडेल नंबर एक असला तरी आतल्या चिप वेगळ्या बनावटीच्या असू शकतात, म्हणून तर रॅम कंपन्या दोन किट मिसळू नका असं स्वतःच सांगतात.

पण चिपा अगदी सारख्या निघाल्या तरी अडचण संपत नाही. आपल्या घरगुती बोर्डांवर चॅनल (सीपीयू ते रॅमच्या वाटा) दोन आणि प्रत्येक चॅनलवर स्लॉट दोन. दुसरा स्लॉट भरला की त्याच तारांवरचा भार वाढतो आणि सिग्नल गढूळ होतो. रायझन ७००० या सीपीयूंसाठी एएमडीने दिलेले रॅमच्या वेगाचे आकडेच बघा: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. बॉक्सवर ६००० छापलेलं असतं ते एक्स्पो प्रोफाइलचं (रॅममध्येच भरून दिलेल्या जास्त वेगाच्या सेटिंगचं), म्हणजे मुळात ओव्हरक्लॉकच. दोन स्टिकवर ते बहुधा चालून जातं, चारांवर नशिबाचा भाग. आणखी एक गंमत म्हणजे १६ ची स्टिक सहसा एका रँकची (एकत्र चालणाऱ्या चिपांच्या एका गटाची) असते आणि ३२ ची दोन रँकची. चार लहान काय किंवा दोन मोठ्या काय, चॅनलवर रँक तेवढ्याच. तरी चार लहानच जास्त छळतात, कारण जास्तीचा स्लॉट वापरात येतो.

आता पहिल्या वाटेची बाजू. एक्स्पो बंद करून ३६०० वर आणलं की निळे स्क्रीन माझ्याकडे थांबले, खर्च शून्य. मोठ्या असेंब्ली उघडायला किती जास्त वेळ लागला ते मी घड्याळ लावून पाहिलं नाही, पण कामात खटकण्याइतका फरक मला जाणवला नाही. गेम खेळणाऱ्याला मात्र तो जाणवेल. ४८०० चा मधला टप्पाही करून पाहिला. आठवडाभर सुरळीत, आणि मग बॅकअपची झिप फाइल उघडताना सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा बिघडल्याची खूण. निळा स्क्रीन परवडला, निदान तो सांगून येतो. गुपचूप बिघडलेली ड्रॉइंगची फाइल टूलरूमला गेली तर स्टील वाया जातं. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करणारी सोय) असतं म्हणून निश्चिंत राहू नका. ते चिपच्या आतल्या चुका सांभाळतं, चिपपासून सीपीयूपर्यंतच्या वाटेत जे घडतं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. एसओसी व्होल्टेज (सीपीयूतल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) चढवून बघा असा सल्लाही मिळतो. २०२३ मध्ये काही रायझन जळाल्यावर एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. नाशकातल्या मे महिन्यात त्या रेषेला टेकून मशीन चालवायला माझं तरी मन धजत नाही.

पण माझा निर्णय यातल्या कशानेच झाला नाही. झाला तो मेमरी ट्रेनिंगमुळे. पीसी सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, प्रत्येक सिग्नलची वेळ ठरवतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू असेल तर मागच्या वेळचंच गणित वापरतो आणि पटकन उठतो. चार स्टिकवर हे चालू ठेवलं की निफाडचा पारा पेपरात छापून येणाऱ्या दिवसांत सकाळी मशीन अडखळायचं, दुपारी शहाण्यासारखं वागायचं. गार मशीनला आदल्या दिवशीच्या गरम मशीनचं गणित लागू पडत नसावं, असा माझा अंदाज. सिद्ध करून दाखवता येणार नाही.

ते बंद केलं की दर वेळी नव्याने ट्रेनिंग. पंखे फिरतात, बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेल्या जागी पिवळा दिवा लागतो, मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणून झोपी जातो, आणि आपण बघत बसायचं. मिनिट जातं, त्याहूनही जास्त जातं. हे ट्रेनिंग चाललंय की मशीन मेलंय, कळायला मार्ग नाही. न राहवून पॉवरचं बटण दाबलं की पहिल्यापासून सगळं. त्यात आमच्या सिडकोत पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते आणि इन्व्हर्टरवर जाताना बसणाऱ्या क्षणभराच्या झटक्याने पीसी रीस्टार्ट होतो. समोर व्हिडिओ कॉलवर पार्टी थांबलेली, आणि मी पिवळ्या दिव्याकडे टक लावून. त्याहून वाईट म्हणजे दर ट्रेनिंगचं फळ थोडं वेगळं असतं, त्यामुळे काल रात्रभर पास झालेली टेस्ट आजच्या सकाळची हमी देत नाही. हे कळलं तेव्हा टेस्टवरचा माझा विश्वासच उडाला.

३२-३२ चा किट लावल्यावर एक्स्पो चालू, कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू, आणि मशीन चहा गाळून होईतो कामाला तयार. ६००० वर चाललं. कुणाचं ५६०० वरच थांबेल, त्यात कमीपणा काही नाही. ट्रेनिंग होतं, पण पहिल्यांदा आणि बायोस बदलल्यावर, रोज नाही. पुढे आणखी लागलंच तर ४८-४८ चे किट मिळतात, म्हणजे दोनच स्लॉटमध्ये ९६ जीबी. त्यासाठी बायोस मात्र नवा हवा.

दुसऱ्या वाटेवरची धोंड पैशाची, आणि ती लहान नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले आहेत की नुसता कोट मागवला तरी धडकी भरते. जुन्यालाही त्यामुळे चांगली किंमत येते हे खरं, पण वरचा फरक खिशातूनच जातो. घरात यूपीएस असेल, पीसी दिवसातून एकदाच सुरू होत असेल आणि काम स्पीडवर अडून नसेल, तर चार स्टिक, ३६००, कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद, एवढ्यावर भाव उतरेपर्यंत खुशाल दिवस काढा. बिलाच्या तारखा ज्यांच्या मागे लागलेल्या असतात त्यांनी मात्र दोन स्टिकचा हिशेब आत्ताच मांडून बघावा.

जुने किट विकताना दोन-दोनच्या मूळ जोड्या फोडू नका. सुटी स्टिक पडून राहते. नवा घेताना, नाशकात घ्या नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, एकाच बंद पाकिटातल्या दोन्ही स्टिक घ्या आणि दोघींचे सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या.