स्टोअरचा पिंजरा: चेनलिंक, जागेवरची वेल्डमेश की बोल्टची पॅनेलं?

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात नवीन शेड घेतलेल्या एका मित्राचा परवा फोन आला. स्टोअरला जाळीचा पिंजरा करायचाय, फॅब्रिकेटरला बोलावू की तयार पॅनेलं मागवू? अर्धा तास बोललो तरी बोलणं पुरं झालं नाही, म्हणून लिहूनच काढतो.

माझं मशीनशॉप शिरोली एमआयडीसीत आहे. शेजारच्या फौंड्र्यांतून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून परत पाठवतो. पिंजऱ्यात कार्बाइड इन्सर्ट (धातू कापणाऱ्या हत्याराच्या टोकाला लावायचे छोटे तुकडे), टॅप, ड्रिल आणि मापं तपासायची प्लग गेज, बोअर गेज, मायक्रोमीटर एवढाच माल असतो. दहा इन्सर्टची डबी शर्टाच्या खिशात मावते. अशा डब्या महिन्याला चार-पाच कमी भरू लागल्या की चोरी झाली, चुकीच्या मशीनला गेल्या की मोजणीच चुकली हे कुणालाच सांगता येत नाही आणि उगीच चांगल्या माणसावर संशय जातो. म्हणून माझ्या मते पिंजऱ्याचं काम चोर पकडण्याचं नाहीच, कामगारांवर संशय घ्यायची वेळ येऊ नये हे त्याचं खरं काम आहे. त्यामुळं हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

मी तिन्ही प्रकार वापरलेत. उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये चेनलिंक होती, म्हणजे कुंपणाला असते तशी विणलेली जाळी. शिरोलीत आल्यावर वेल्डमेश, म्हणजे आडव्या-उभ्या तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळी, जागेवरच अँगलला वेल्ड करून घेतलेली. आणि 2020 पासून चौकटीसह तयार येणारी, बोल्टनं जोडायची पॅनेलं.

चेनलिंकबद्दल फार लिहीत नाही. स्वस्त आहे, दोन दिवसांत उभी राहते. पण ती ताणलेली असते तोवरच जाळी. आमच्याकडं वर्षभरात कास्टिंगच्या ट्रॉल्या टेकून टेकून तिला पोट सुटलं होतं, खालची कड पायानं सहज वर व्हायची. शिवाय ती एकमेकांत गुंतवलेल्या नागमोडी तारांची असते. एक तार कापून फिरवत फिरवत ओढून काढली की जाळी वरपासून खालपर्यंत उघडते, आणि हे वर्कशॉपमधल्या पोरासोरालाही माहीत असतं. शेडबाहेर गॅस सिलिंडर ठेवायला मात्र मी आजही चेनलिंकच वापरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तळाशी साचतो, तेव्हा तिथं खालपासून मोकळं असलेलं बरं.

पत्र्याचं पार्टिशन मी स्वतः केलेलं नाही, पण एका फौंड्रीवाल्या मित्राकडं जवळून पाहिलंय. त्याला निकेल आणि फेरो-मॉली असा ओतकामात मिसळायचा महागडा माल ठेवायचा असतो. आत किती माल आहे हे बाहेरून दिसूच नये असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्या जागी ते बरोबरही असेल. मला ते मानवलं नसतं. एप्रिल-मे महिन्यात आत बसणाऱ्या माणसाची भाजणी होते, दिवसाही दिवा लागतो, आणि आत धूर झाला तरी बाहेरच्याला उशिरा कळणार. जाळीतून स्टोअरकीपर सगळा शॉप बघतो आणि सगळा शॉप स्टोअरकीपरला बघतो. माझ्यासारख्या लहान युनिटमध्ये निम्मं काम एवढ्यानंच होतं.

म्हणजे खरी निवड उरते ती जागेवरची वेल्डमेश आणि बोल्टची पॅनेलं यांच्यात.

वेल्डमेशच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. कोल्हापुरात फॅब्रिकेटर गल्लोगल्ली आहेत आणि हात चांगले आहेत. शेडचा कॉलम मध्येच येतो, भिंत सरळ नसते, वरून केबल ट्रे गेलेला असतो. अशा सगळ्या अडचणींना फॅब्रिकेटर जागेवर मापं घेऊन, अँगल कापून उत्तर देतो. दोन इंची चौकोनाची, दहा गेज जाडीच्या तारेची जाळी आमच्या कामाला पुरेशी वाटली. मालाला विलंब नाही, वाहतूक नाही, आणि माझ्या वेळी पॅनेलांचा भाव त्याच्या साधारण दीडपट निघाला होता. पैशाचं गणित घट्ट असेल तर एवढ्यावरच कुणी वेल्डमेश घेतली तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

आता माझं काय बिनसलं ते सांगतो. बिनसलं ते दारापाशी.

दार चार फूट रुंद, एकपाखी, अँगलच्या चौकटीचं होतं. बसवलं तेव्हा बोटानं ढकललं तरी फिरायचं. दार ज्या खांबावर होतं त्याची बेस प्लेट दोन फास्टनरनी, म्हणजे जमिनीत भोक पाडून बसवायच्या बोल्टांनी, कोब्यात धरलेली. कोबा वरचा दीड-दोन इंच, खालच्या काँक्रीटपर्यंत फास्टनर नीट पोचलेच नव्हते. दाराचं सगळं वजन एका खांबाला बाहेर ओढतंय आणि त्यात दिवसातून चाळीस-पन्नास वेळा उघडझाप. वर दोन खांबांना एकमेकांशी बांधणारी आडवी पट्टीही नव्हती, कारण उंच ट्रॉली आत जावी म्हणून ती मीच नको म्हटली होती. चार-पाच महिन्यांत खांब किंचित कलला. किंचित म्हणजे ओळंबा लावला तरच कळेल एवढाच. पण दाराच्या मोकळ्या टोकाला तेवढ्यानं अर्धा इंच फरक पडला. दार खाली टेकून कोब्यावर पांढरी कमान ओढायला लागलं आणि कडी कोयंड्याच्या खाली येऊ लागली.

आमचे स्टोअरचे मामा तेव्हाच म्हणाले होते, "मालक, कडी बसंना झालीया. दार वर उचलल्याबिगर कोयंडा गावत न्हाई." मी फॅब्रिकेटरला बोलावलं, त्यानं बिजागरी कापून वर घेतली, दोन महिने बरे गेले, पुन्हा तेच. मग मामांनी त्यांची रीत बसवली. डाव्या हातात कुलूप, उजवा गुडघा दाराच्या खालच्या पट्टीखाली, गुडघ्यानं दार उचलायचं आणि तेवढ्यात कडी सरकवायची. साठीच्या जवळ आलेल्या माणसाला रोज कितीदा तरी असं करायला लागत होतं आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करत होतो. आज वाईट वाटतं त्याचं.

मग आला 2019 चा ऑगस्ट. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी कधीच ओलांडली होती, पाणी चढतच होतं. सगळ्यांना घरी सोडलं, मी राजारामपुरीत, मामा वडणग्यात. दुसऱ्या दिवसापासून रस्ते बुडत गेले आणि शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला. कित्येक दिवस नदीच्या पलीकडं जाता आलं नाही. शेडला वॉचमन होता, पण तोही नुसता फोनवर. घराघरांत पाणी शिरलेलं असताना इन्सर्टच्या डब्यांची काळजी करणं बरं दिसत नाही हे कळत होतं, तरी रात्री डोळ्यांसमोर ते दार यायचं.

पाणी उतरल्यावर पोचलो. पिंजऱ्याचं दार ओढून घेतलेलं, कोयंड्यात कुलूप लटकलेलं, दाबून बंद केलेलं. कडी मात्र कोयंड्यात गेलेलीच नव्हती. हातानं ढकललं तर दार उघडलं. मामा आले तेव्हा त्यांनी न विचारताच सांगितलं. त्या संध्याकाळी घरून फोनवर फोन येत होते, गुडघा दुखत होता, कडी दोनदा बसली नाही, म्हणून कुलूप नुसतं अडकवून ते निघाले. आतलं काहीही गेलं नव्हतं. मी मामांना एक शब्दही बोललो नाही, कारण चूक त्यांची नव्हती. ज्या दाराला कुलूप लावायला गुडघा लागतो, त्याला माणूस एक ना एक दिवस कुलूप लावणार नाही.

म्हणून पॅनेलं बघायला गेलो तेव्हा मी जाळीचं गेज नंतर विचारलं, आधी दार कसं आहे ते विचारलं. मी घेतलं ते वरच्या ट्रॅकवर चाकांनी टांगलेलं सरकतं दार. खाली जमिनीत रूळ नाही. मला हे फार मोलाचं वाटलं, कारण खालचा रूळ असता तर कास्ट आयर्नच्या बोरिंगनं, म्हणजे मशीनिंगच्या भुश्यानं, आठवड्यात भरला असता. दाराचं वजन वरच्या आडव्या पाईपवर येतं, तो पाईप दोन्ही खांबांना बांधून ठेवतो, आणि दार थोडं खाली आलंच तर चाकाच्या वरचा नट फिरवून पुन्हा वर घेता येतं. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. पाच वर्षांवर झाली, तो नट आम्ही दोनदा फिरवलाय.

दुसरा फायदा मी गृहीत धरला नव्हता. 2022 साली नवी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मशीनिंग सेंटर) आली आणि पिंजरा चार फूट मागं सरकवायला लागला. एका रविवारी चौघांनी मिळून बोल्ट सोडले आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उभा केला. वेल्डिंगचा असता तर गॅस कटर आलाच असता, निम्मी जाळी भंगारात गेली असती. पावसाळ्याचंही तसंच. जस्ताचा मुलामा असलेली जाळी अँगलला वेल्ड केली की त्या जागचं जस्त उष्णतेनं उडून जातं, आणि आपल्याकडच्या जुलैत गंज पहिला तिथूनच चढतो. वरून रंग मारला तरी आमच्याकडं दुसऱ्या वर्षी प्रत्येक टाक्याखाली तांबूस ओघळ होते. पॅनेल आधी वेल्ड होऊन मग पावडर कोटिंगला जातं, त्यामुळं टाका झाकलेला राहतो.

पॅनेलांच्या खोडी मी लपवणार नाही. त्यांची मापं ठरलेली असतात. आमच्या शेवटच्या गाळ्यात सात इंचांची फट राहिली, ती शेवटी फॅब्रिकेटरकडूनच पट्टी करून बुजवली. माल यायला पाच आठवडे लागले. खाली झाडायला म्हणून चार इंच जागा सोडलेली असते, तिच्यातून डबी सरकवून बाहेर काढता येते. आम्ही आतून पत्र्याची पट्टी मारली.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट बोल्टांची. आमच्याकडं आलेले बोल्ट आठ एमएमचे होते आणि बसवणाऱ्या पोरांनी नट बाहेरच्या बाजूला घेतले होते. आठ एमएमच्या नटाला तेरा नंबरचा पाना लागतो, आणि मशीनशॉपमध्ये तेरा नंबरचा पाना नाही असा माणूस शोधावा लागेल. सगळे बोल्ट उलटे करून घेतले. बाहेर गुळगुळीत गोल डोकं, नट आत. मित्रा, एवढं तू उभं राहून करून घे.

दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी काही गोष्टी सारख्याच. रॅक जाळीला चिकटवून लावू नका. दोन इंची चौकोनातून हात जात नाही, पण तारेचा आकडा जातो आणि डबी त्याला लागून येते. शिवाय रॅकवर चढून आत उतरता येतं, म्हणून उंची आठ फूट असेल तर वरूनही जाळी घ्या. फास्टनर कोबा भेदून काँक्रीटमध्ये किती जातोय ते ड्रिल चालू असताना स्वतः बघा. आणि कुलूप असं असावं की आत अडकलेल्या माणसाला किल्लीशिवाय बाहेर पडता यावं. यावर मी कुणाशी वाद घालणार नाही.

फॅब्रिकेटरकडूनच करायचं ठरलं तर त्याला जाळीचे पैसे कमी कर आणि दाराला लाव असं सांगा. खांब चौकोनी पाईपचा, बेस प्लेटला चार फास्टनर, वर आडवा पाईप, दार टांगलेलं. असा पिंजरा पॅनेलांच्या पुष्कळ जवळ येतो आणि भावातला फरकही पुष्कळ कमी होतो. मी हे 2019 च्या आधी केलं असतं तर कदाचित पॅनेलांपर्यंत गेलोच नसतो.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेली मुलगी एका हातात गेजचा ट्रे घेऊन दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी दार सरकवते आणि कडी घालते. परवा तिला विचारलं, दाराची काही तक्रार? ती म्हणाली, "कुठल्या दाराची, सर?"