डब्ल्यूसी पॉलिसी: छोट्या कारखान्याच्या कितपत कामाची?

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, म्हणजे कोल्हापूरचा कारखान्यांचा पट्टा. मोठी कंपनी जॉबवर्क देताना मागते म्हणून इथली अनेक छोटी युनिटं डब्ल्यूसी पॉलिसी (कामगाराला कामावर अपघात झाल्यास मालकाने द्यायच्या भरपाईचा विमा) घेतात आणि फायलीला लावून विसरतात. पॉलिसी वाईट नाही, पाचपैकी साडेतीन गुण द्यायला हरकत नाही. कापलेला दीड गुण प्रपोजल फॉर्मचा, म्हणजे विमा घेताना भरायच्या अर्जाचा. बोट गेल्यावर किती पैसे सुटणार ते त्या फॉर्मवर ठरतं, आणि तो बहुतेकदा एजंटच भरून टाकतो.

आधी पगारपत्रक बघा. 10 किंवा जास्त कामगार आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय (सरकारी कामगार विमा योजना) लागू होतं, पगारातून 0.75 टक्के कपात होते. तसं असेल तर दावा ईएसआयकडेच करायचा, भरपाई दोन्हीकडून मिळत नाही. तिथे तात्पुरत्या अपंगत्वाला सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात आणि कायमच्या अपंगत्वाला आयुष्यभर दरमहा रक्कम. डब्ल्यूसी खरी उपयोगी सात-आठ माणसांच्या प्रेस शॉपला, किंवा 21,000 च्या वर पगार असलेल्या कामगाराला.

डब्ल्यूसीच्या भरपाईचा हिशेब असा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. 2020 च्या अधिसूचनेनुसार पगार 15,000 पेक्षा जास्त धरत नाहीत. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक 207.98, म्हणजे 18,71,820 रुपये. अंगठा गेला तर याच्या 30 टक्के, 5,61,546. तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, सुमारे 2 लाख 62 हजार. तिचं एकच पेर गेलं तर 9 टक्के. मात्र कायद्यातला हा टक्केवारीचा तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराला पूर्ण अपंग मानलं, कारण सुतारकाम आता त्याच्याच्यानं होणार नव्हतं. मोल्डर किंवा ग्राइंडरवाल्याच्या वकिलाने हा मुद्दा मांडायलाच हवा.

पैसे अडतात कुठे? हप्ता वर्षाच्या एकूण मजुरीवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. तो वाचवायला पगार कमी दाखवतात, प्रेस ऑपरेटरला पॅकिंगचा हेल्पर करतात. मग विमा कंपनी त्या प्रमाणात कात्री लावते. कामगाराचा हक्क त्यामुळे घटत नाही, फरक मालकाच्या खिशातून जातो. ठेकेदाराची माणसं फॉर्मवर वेगळी दाखवली नसतील तर ती पॉलिसीत नसतातच, आणि फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला) नेमकी तीच असतात. औषधोपचाराचा खर्च देणं मालकावर बंधनकारक आहे, पण मूळ पॉलिसीत तो बहुधा नसतो. जादा हप्ता भरून घ्या. महिन्याच्या आत भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. दंड मालकाचाच, व्याजाचं कलम वाचून घ्या.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कामगार भरपाई कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. 60 टक्क्यांचं सूत्र तेच आहे, पण घर ते कारखाना वाटेतला अपघातही आता येतो, अर्थात त्याचा नोकरीशी संबंध दिसायला हवा. रात्रपाळीला दुचाकीवरून येणाऱ्यांसाठी ही बाब मोठी. नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीवर संहितेचा उल्लेख करून घ्या.

अपघात झाला की त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. सीपीआरला (सरकारी रुग्णालयात) नेलं असेल किंवा खासगीत, केसपेपरवर 'कामावर, मशीनमध्ये हात अडकून' असं लिहून घ्या. 'घरी पडला' लिहिलं गेलं की पुढे सगळं अवघड. हजेरीपत्रक, पगाराच्या बँक नोंदी, मशीनचा फोटो आणि सोबत्याचं नाव जपून ठेवा. अपंगत्वाचा दाखला जखम स्थिरावल्यावरच काढा. दाव्यासाठी दोन वर्षं उलटू देऊ नका.

पाचशेच्या स्टॅम्पवर 'पन्नास हजार मिळाले, तक्रार नाही' असं लिहून देऊ नका. कायद्याने ठरलेली भरपाई अशा करारानं सोडता येत नाही, आणि नोंदणी न केलेली तडजोड पुढे मालकाच्याच गळ्यात येते, त्याला पूर्ण रक्कम भरावी लागू शकते. मृत्यूची भरपाई तर परस्पर घरी द्यायचीच नसते, ती दाव्यांचा निवाडा करणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात आयुक्तांकडे) जमा करावी लागते. निकालाविरुद्धच्या अपिलासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.