पीएचडीला कोणता ऑक्साइड: एलएओ-एसटीओचा सांधा की व्हॅनेडियम डायऑक्साइड?

शिवाजी विद्यापीठात फिजिक्सची एम.एस्सी. संपत आली की मुलं विचारतात, ऑक्साइड फिल्मवर काम करायचंय, विषय कुठला घेऊ? बहुतेकांच्या मनात दोन नावं असतात.

पहिलं, लँथॅनम अॅल्युमिनेट (एलएओ) आणि स्ट्रॉन्शियम टायटॅनेट (एसटीओ) यांचा सांधा. दोन्ही पदार्थ पक्के विद्युतरोधक. तरी 2004 मध्ये ओतोमो आणि ह्वांग यांनी दाखवलं, की एकावर दुसरा नीट चढवला तर मधल्या सांध्यातून वीज वाहते. एलएओचे तीन थर असेपर्यंत काहीच नाही. चौथा पडला की सांधा जागा होतो. एक थर म्हणजे जेमतेम 0.38 नॅनोमीटर! एलएओमधले पापुद्रे आळीपाळीने धन आणि ऋण, एसटीओतले उदासीन. त्यामुळे जाडीबरोबर व्होल्टेज साचत जातं आणि शेवटी इलेक्ट्रॉन सांध्यात उतरतात, असं एक स्पष्टीकरण आहे. स्फटिकात ऑक्सिजनचे अणू गळून राहिलेल्या रिकाम्या जागांचा वाटा किती, यावर अजून वाद आहे, आणि मला तरी हा वादच या विषयाची खरी श्रीमंती वाटते. 2007 मध्ये हाच सांधा सुमारे 0.2 केल्विनला अतिवाहक होतो, म्हणजे त्याचा रोध शून्यावर येतो, हेही दिसलं.

पण त्यासाठी पल्स्ड लेझर डिपॉझिशन हवं, म्हणजे लेझरच्या झटक्यांनी पदार्थ उडवून त्याची फिल्म चढवणं. फिल्म वाढताना तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या इलेक्ट्रॉन झोताचा पडद्यावरचा ठिपका उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. असा एक फेरा म्हणजे एक थर. चौथा फेरा पुरा झाला की लेझर बंद. सबस्ट्रेट, म्हणजे खालचा एसटीओचा स्फटिक, आधी हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या द्रावणातून काढायचा, ते काम जपून. मोजणीआधी सॅम्पल अंधारात ठेवायचं, नाहीतर उजेडाने वाढलेली वाहकता उतरता उतरत नाही.

व्हॅनेडियम डायऑक्साइडचं तसं नाही. तापवलं की ते विद्युतरोधकाचं धातूसारखं वाहक होतं. 1959 मध्ये मॉरिन यांनी नोंदवलेला हा बदल सुमारे 68 अंश सेल्सिअसला होतो, म्हणजे हॉट प्लेटवरसुद्धा दिसतो. कोल्हापुरात स्प्रे पायरोलिसिस, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून फिल्म बनवणं, हातात बसलेली माणसं आहेत, हा मोठा आधार. अडचण व्हॅनेडियमच्या स्वभावात आहे: ऑक्सिजन जरा जास्त झाला की व्हीटूओफाइव्ह हा दुसराच, पिवळा ऑक्साइड बनतो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात सलग अकरा काचा पिवळ्या निघाल्या. पुढची काच आर्गॉनमध्ये तापवून घेतली आणि मल्टिमीटर लावला, तर सत्तरीच्या आसपास किलोओहमचा आकडा बघता बघता शेकड्यांत आला. थंड करताना तो त्याच तापमानाला परतला नाही, काही अंश खाली जाऊन परतला. त्या दिवशी मी जेवायला गेलो नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. स्प्रेची फिल्म शेकडो नॅनोमीटर जाड, बारीक कणांची असते. तिला अतिपातळ म्हणू नका. टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर ताणून वाढवलेल्या काही नॅनोमीटरच्या थरात बदलाचं तापमान खोलीच्या तापमानापर्यंत खाली येतं, पण तिथे पुन्हा लेझर किंवा तसलीच निर्वात यंत्रणा लागते.

घरची जबाबदारी आहे, कोल्हापूर सोडता येत नाही, तर व्हॅनेडियम घ्या. कमी तापमानाच्या मोजण्यांसाठी इंदूरचं यूजीसी-डीएई कन्सॉर्टियम ही संशोधन संस्था विद्यापीठांच्या संशोधकांसाठीच आहे. चौथ्या थराचा प्रश्न झोप उडवत असेल तर मात्र लेझर असलेली लॅब शोधून बाहेर पडा, इथे राहून तो विषय निम्मा करू नका. आणि कुठेही गेलात तरी गाइडना पहिल्याच भेटीत विचारा: महिन्याला किती सॅम्पल मी माझ्या हाताने बनवणार?